बर्गनला जाताय? मग पाऊस धरूनच आखणी करा

नॉर्वेतल्या बर्गनच्या विमानतळातून बाहेर पडलात की मोठाल्या अक्षरांत शहराचं नाव दिसतं, आणि नावापुढे चक्क प्रश्नचिन्ह: ‘बर्गन?’. एका आइसलँडिक कलाकाराचं ते काम आहे. पहिल्या वेळी मला वाटलं, गंमत म्हणून केलं असेल. चार दिवसांनी ढगांच्या पोटात बसून कॉफी पिताना त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ आपोआप लागला.

मी बर्गनला दोनदा गेलो. पहिल्यांदा बायकोबरोबर. तेव्हा पुण्यात बसून तासातासाचा तक्ता केला होता, आणि पावसाने तो पहिल्याच दिवशी निकालात काढला. दुसऱ्यांदा बहात्तर वर्षांच्या आईला घेऊन गेलो. तेव्हा तक्ता केला नाही, आणि सगळं नीट पाहून झालं. पहिल्या वेळच्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे क्रमवार लिहितोय.

१. कधी जायचं ते आधी ठरवा

मुंबईत वर्षाला साधारण २२०० ते २५०० मिलीमीटर पाऊस पडतो. बर्गनचा आकडाही त्याच्याच आसपास आहे. फरक एवढाच की मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि बर्गनचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो. समुद्रावरून आलेले ढग शहराभोवतीच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर होतं तेच, फक्त गारठ्यात. त्यामुळे ‘पाऊस नसलेला महिना’ शोधण्यात वेळ घालवू नका. मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो, म्हणजे दिवसभर पाऊस लागला तरी संध्याकाळ हाताशी उरते. डिसेंबरात हेच उलटं: दुपारी साडेतीनला अंधार.

१७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. मिरवणुका, पारंपरिक पोशाख, बँड, सगळं बघण्यासारखं असतं. पण दुकानं बंद आणि हॉटेलं महाग, याची तयारी ठेवून जा.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बर्गनला क्रूझ जहाजं प्रचंड येतात. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली की सकाळी दहा ते दुपारी चार बंदरावर तुळशीबागेतली शनिवारची गर्दी. कुठल्या दिवशी किती जहाजं येणार त्याचं वेळापत्रक बंदराच्या वेबसाइटवर आधीच लागतं. ते बघून त्या दिवशी शहराबाहेरचा कार्यक्रम ठेवा.

२. व्हिसा

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. आधी नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे युडीआयच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, फी ऑनलाइन भरायची, आणि मग व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. प्रौढांची फी ९० युरो, व्हीएफएसचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीत हालचाल करा.

लागणारे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्ट असतील तर तेही.
- पोर्टलवरच्या अर्जाची सही केलेली प्रत आणि फोटो.
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.
- हॉटेल आणि विमानाचं बुकिंग, आणि दिवसवार कार्यक्रमाचं साधं पत्र.
- बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर रजा मंजूर असल्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा. धंदा असेल तर नोंदणीचे कागद.
- आईवडील सोबत असतील आणि खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, नात्याचा पुरावा, पेन्शनचे कागद.

इथे दोन-तीन ठिकाणी हमखास पाय अडकतो. पहिलं म्हणजे अर्ज कुठल्या देशाकडे करायचा. जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे. कोपनहेगनला पाच रात्री आणि बर्गनला तीन असा बेत असेल तर अर्ज डेन्मार्ककडे जातो. नॉर्वेची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून तिकडे घुसू नका.

दुसरं, व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारी तिकिटं काढू नका. आरक्षण दाखवलं तरी चालतं.

तिसरं, नावं. आईच्या पासपोर्टवर एक नाव, बँकेच्या पासबुकावर ‘सौ.’ लावलेलं दुसरं, आणि पेन्शनच्या कागदावर माहेरचं आडनाव. तिन्ही बायका एकच आहेत हे पटवायला बँकेत तीन फेऱ्या झाल्या. आईवडिलांचे कागद दोन महिने आधी टेबलावर पसरा आणि नावं अक्षर न अक्षर जुळवून बघा.

३. विमान, आणि बॅगेत काय नको

भारतातून बर्गनला थेट विमान नाही. ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, कोपनहेगन किंवा ऑस्लोमार्गे जावं लागतं. ऑस्लोमार्गे गेलात तर बहुतेक वेळा तिथे सामान ताब्यात घेऊन, कस्टममधून बाहेर येऊन, ते पुन्हा द्यावं लागतं. सामान थेट बर्गनला निघणार का, हे चेक-इनच्या काउंटरवरच विचारून घ्या, आणि दोन विमानांमध्ये निदान अडीच तास ठेवा. शेंगेनच्या हद्दीवर आता पहिल्या वेळी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते.

खाऊ न्यायचा तर चिवडा, भडंग, बाकरवडी, मेतकूट, लोणचं खुशाल न्या. पण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खव्याच्या पोळ्या, तूप, सगळं बाद. नॉर्वेत बटाटेसुद्धा नेता येत नाहीत. आईने पिशवीच्या तळाशी साजूक तुपाची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. ती मला निघायच्या आदल्या रात्री सापडली, म्हणून वाचलो.

४. छत्री घरी ठेवा

हे लिहिताना मला स्वतःलाच हसू येतंय, कारण पहिल्या वेळी मी दोन छत्र्या नेल्या होत्या. बर्गनचा पाऊस वरून पडतो तसा बाजूनेही येतो. बंदराच्या टोकाला वाऱ्याने माझी पहिली छत्री उलटी केली, आणि दुसरी मी उघडलीच नाही, कारण समोरच्या कचरापेटीत तिच्या चार बहिणी आधीच येऊन पडल्या होत्या.

डोक्यावर टोपी असलेलं, खरोखर पाणी न शिरणारं जाकीट घ्या. आपल्याकडचं ट्रेकिंगचं चांगलं जाकीट चालतं, स्कूटरवरचा रेनकोट नाही. त्यात दहा मिनिटांत घामानेच भिजायला होतं. आत एक पातळ लोकरी थर, जूनमध्येसुद्धा. बुटांना मात्र काटकसर नको: पाणी न शिरणारे आणि तळ घट्ट पकडणारे हवेत. ब्रिगेन या बंदरावरच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी फळ्या ओल्या झाल्या की शेवाळलेल्या पायऱ्यांसारख्या सटकतात. मोजे रोजच्या हिशोबापेक्षा दोन जोड जास्त.

हवामानासाठी ‘यर’ हे नॉर्वेचं ॲप घ्या. ते तिथल्या हवामान संस्थेचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं आहे, आणि त्यात तासातासाचा अंदाज मिळतो. सकाळी उठल्यावर आधी हे बघायचं आणि मग दिवस ठरवायचा.

५. पैसे आणि शहरात पोहोचणं

नॉर्वेचं चलन क्रोनर. हिशोबाला एक क्रोनर म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये धरा. रोख रक्कम जवळजवळ लागतच नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहातही कार्ड टेकवावं लागतं. दुकानातलं मशीन कधी कधी विचारतं, ‘रुपयांत घेऊ की क्रोनरमध्ये?’ नेहमी क्रोनर निवडा. रुपये निवडलेत की त्यांच्या मनाचा दर लागतो आणि त्यात तुमचंच नुकसान.

विमानतळावरून बीबानेन ही ट्राम पंचेचाळीसएक मिनिटांत थेट शहराच्या मध्यात सोडते. शेवटचा थांबा बीपार्केन. तिला शहरातलं साधंच तिकीट चालतं. विमानतळाची खास बस थोडी लवकर पोहोचते, पण कितीतरी पट महाग. ट्रामच्या आत तिकीट मिळत नाही. थांब्यावरच्या मशीनवर किंवा ‘स्कीस’ या तिथल्या वाहतूक संस्थेच्या ॲपवर आधी काढा. दार उघडं असतं, कुणी अडवत नाही, म्हणून आपण बिनधास्त चढतो आणि मधल्याच एखाद्या थांब्यावर तपासनीस चढतो. दंड चांगलाच लागतो.

बर्गन कार्ड नावाचा पास २४ तासांपासून ९६ तासांपर्यंत मिळतो. त्यात ट्राम-बस फुकट आणि बऱ्याच संग्रहालयांत सवलत किंवा मोफत प्रवेश. दिवसाला दोन संग्रहालयं बघणार असाल तरच घ्या. नुसतं हिंडायचं असेल तर शहराचा मध्यभाग पायी अर्ध्या तासात ओलांडता येतो.

६. ब्रिगेन: फोटो काढून परत फिरू नका

लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ती रांग, जी बर्गनच्या प्रत्येक फोटोत असते, ती ब्रिगेन. शब्दाचा अर्थ नुसता ‘धक्का’. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत. जहाजातून उतरलेली माणसं समोरच्या रस्त्यावर उभी राहून फोटो काढतात आणि निघून जातात. खरं ब्रिगेन त्या रंगीत भिंतींच्या मागे आहे.

दोन घरांच्या मधल्या अरुंद फटीतून आत शिरा. पायाखाली फळ्या, वर एकमेकींकडे झुकलेले सज्जे, आणि डांबराचा आणि जुन्या ओल्या लाकडाचा वास. कोकणातल्या जुन्या घराच्या पडवीत, वाशांना रंग दिल्यावर पावसाळ्यात येतो, तसा. आई आत शिरताच थबकली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपल्या माळ्यासारखं आहे.” एक भिंत सरळ नाही. तळाचे ओंडके शतकानुशतकं खचत गेले आणि घरं त्यांच्या मनाप्रमाणे कलली.

काय बघतोय ते कळलं तर मजा दुप्पट, म्हणून थोडा इतिहास. शहर वसलं १०७० च्या सुमाराला, ओलाव किर्रे या राजाच्या काळात. १३६० च्या आसपास उत्तर जर्मनीतल्या हान्सा या व्यापारी संघाच्या लोकांनी इथे आपली पेढी थाटली. लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन, अशा त्यांच्या चार मोठ्या पेढ्या परदेशांत होत्या. चारशे वर्षांनी, १७५४ मध्ये, इथली शेवटची कचेरी बंद झाली. व्यापार कशाचा? सुक्या माशाचा. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर पकडलेला कॉड लाकडी मांडवांवर टांगून वाळवायचा, होड्यांतून बर्गनला आणायचा, आणि त्याच्या बदल्यात धान्य द्यायचं.

हा सुका मासा, तोर्फिस्क, तुम्हाला संग्रहालयांत टांगलेला दिसेल आणि दुकानांत विकायलाही. आईने एक हातात घेतला, टेबलाच्या कडेवर हळूच आपटला. खण्ण आवाज आला, लाकडासारखा. मग तिने वास घेतला आणि दुकानातल्या मुलीला मराठीतच विचारलं, “मीठ नाही लावलंय?” मी भाषांतर केलं. मुलगी म्हणाली, नाही, मीठ अजिबात नाही, नुसता वारा आणि थंडी. आई बराच वेळ विचार करत होती. आमच्या रत्नागिरीकडे खाऱ्या बांगड्याला मीठ भरतात आणि बोंबील कडक उन्हात वाळवतात, कारण दमट हवेत मासा टिकायचा तर दुसरा इलाजच नाही. इथे थंडीच ते काम करते. “म्हणजे थंडीचं ऊन,” असं म्हणून तिने विषय संपवला.

त्या लाकडी घरांत हे व्यापारी आणि त्यांची उमेदवारी करणारी पोरं राहायची. सगळी पुरुष मंडळी, लग्न करायला बंदी. आणि आगीच्या भीतीने घरात विस्तव पेटवायला मनाई. बर्गनच्या हिवाळ्यात! चूल पेटायची ती फक्त मागच्या बाजूच्या सामाईक दालनांत. तिथे स्वयंपाक, तिथेच जेवण, तिथेच शिकवणी आणि बैठका. ती दालनं म्हणजे शोत्स्तुएने, आणि ती बघता येतात. ब्रिगेनमध्ये एकच तिकीट काढायचं असेल तर याचं काढा. तिथे उभं राहून समोरच्या गोठलेल्या खोल्यांमध्ये झोपायला जाणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा विचार करा, मग त्या रंगीत फोटोचं स्वरूपच बदलतं.

एवढं जपूनही आग लागायचीच. १७०२ मध्ये जवळजवळ सगळं ब्रिगेन जळालं. आज दिसतात ती घरं त्यानंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेली. १९५५ मध्ये पुन्हा आग लागून मोठा भाग गेला. पण त्या राखेखाली उत्खनन झालं आणि लाकडाच्या काटक्यांवर रून या जुन्या लिपीत कोरलेले शेकडो लेख सापडले: कुणाचा हिशोब, कुणाचं प्रेम, कुणाला घरी ये म्हणून निरोप. ते सगळं ब्रिगेन्स म्युझियममध्ये आहे, आणि ते जुन्या पायांच्याच वर उभारलंय. शहरातले अवाढव्य रुंद चौक बघून नवल वाटलं तर तेही आगीमुळेच, ज्वाळा पलीकडे जाऊ नयेत म्हणून सोडलेल्या मोकळ्या पट्ट्या. तेव्हा बोळांत सिगारेट काढू नका, हे वेगळं सांगायला नको.

हान्सा संग्रहालयाची जुनी मूळ इमारत २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केली. तिच्यासाठी म्हणून जाणार असाल तर उघडली आहे का ते आधी वेबसाइटवर बघा.

वेळ: सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर. पाऊस पडत असेल तर उत्तमच, गर्दी कॉफीच्या दुकानांत पळते आणि ओल्या फळ्यांचा रंग उठून दिसतो. बंदराच्या टोकाची बर्गनहूस गढी आणि तेराव्या शतकातला हॉकन राजाचा दरबार इथूनच पायी. एप्रिल १९४४ मध्ये स्फोटकं भरलेलं एक जहाज बंदरात उडालं तेव्हा या दरबाराचं छप्पर गेलं होतं. आता दिसतं ते नंतर दुरुस्त केलेलं.

७. डोंगराचं तिकीट आधी काढू नका

हाच माझ्या पहिल्या फेरीतला मोठा गाढवपणा. फ्लोयेन हा शहराला लागून असलेला डोंगर, त्यावरची शहर बघायची जागा ३२० मीटरवर. १९१८ पासून फ्लोइबानेन ही दोरखंडाने ओढली जाणारी गाडी शहराच्या मध्यातून पाच-सात मिनिटांत वर नेते. आम्ही पुण्याहूनच दिवस ठरवून ठेवला होता. वर पोहोचलो तर शहर, बंदर, समुद्र काही नाही. पांढरा पडदा. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं तेव्हा आम्ही दुसऱ्याच एका ठरवलेल्या ठिकाणी, बंद दालनात बसलो होतो.

म्हणून नियम साधा: पावसात दालनं, उघडीप मिळताच डोंगर. वरून खाली पायी यायला रस्ता चांगला आहे, पाऊण तास लागतो, त्यामुळे गुडघे ठीक असतील तर फक्त जातानाचं तिकीट काढा. उन्हाळ्यात वर बकऱ्या मोकळ्या चरतात. गळ्यात घंटेऐवजी जीपीएसचा पट्टा असतो आणि कुंपण कुठेच दिसत नाही. आई त्यांच्यात अर्धा तास रमली.

उल्रिकेन त्याहून उंच, ६४३ मीटर, आणि तिथे केबल कार जाते. उल्रिकेनवरून फ्लोयेनला पठारावरून चालत येण्याची वाट सुंदर आहे, पण पाच-सहा तासांची. धुकं असेल तर जाऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात गडावर वाट चुकते तशीच तिथेही चुकते.

८. कुष्ठरोग संग्रहालय जरूर बघा

हे पर्यटकांच्या यादीत फारसं नसतं. मराठी माणसाने मात्र ते टाळू नये, असं मला वाटतं. रेल्वे स्टेशनपासून जवळच सेंट यॉर्गनचं जुनं रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिम नॉर्वेत कुष्ठरोग फार होता, आणि हा रोग वंशपरंपरेने येतो असं बहुतेक डॉक्टर मानत होते. १८७३ मध्ये याच शहरात गेरहार्ड आर्मॉअर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. रोगाला हॅन्सनचा आजार म्हणतात ते यांच्यावरूनच.

लाकडी इमारत, मधोमध दालन आणि दोन्ही बाजूंना एवढ्याएवढ्याशा खोल्या. एका खोलीत दोन माणसं, आणि तीही वर्षानुवर्षं. इथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात केली. लहानपणी आनंदवनाची सहल केलेल्या माझ्यासारख्याला त्या खोल्यांत उभं राहिल्यावर काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आई दारातूनच हात जोडून परतली.

हॅन्सन यांची दुसरी बाजूही विसरता येत नाही. एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिची परवानगी न घेता त्यांनी रोगाचा अंश टोचला. खटला झाला आणि १८८० मध्ये त्यांची रुग्णालयातली जागा गेली.

संग्रहालय फक्त उन्हाळ्यात उघडतं. वेळा बघूनच जा.

९. फ्योर्डचा दिवस

बर्गनला येऊन फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत घुसलेली समुद्राची अरुंद खाडी, न बघता जाणं म्हणजे महाबळेश्वरला जाऊन हॉटेलात बसणं. तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पूर्ण दिवसाचा: सकाळी रेल्वेने वॉस, तिथून बसने गुडवांगेन, मग दोन तास बोटीने नेरॉयफ्योर्डमधून फ्लोम, तिथून डोंगर चढणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेने मिरदाल, आणि मिरदालहून परत बर्गन. नेरॉयफ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फ्लोमची रेल्वे वीस किलोमीटरांत समुद्रसपाटीपासून ८६० मीटरांच्या वर चढते. एखाद्या कंपनीचं पॅकेज घ्या किंवा पाचही तिकिटं सुटी काढा. सुटी बहुतेक वेळा स्वस्त पडतात, पण एक जोडणी हुकली की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. ही तिकिटं मात्र लवकर काढा, उन्हाळ्यात बोटी भरतात. इथे पावसाची भीती नको. पावसात धबधबे दुप्पट होतात, माळशेजला होतात तसे.

अर्ध्या दिवसाचा: बंदरातूनच सुटणारी मोस्त्राउमेनची बोट. साडेतीन तासांत जाऊन-येऊन, चढउतार नाही, गाड्या बदलणं नाही. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हीच घ्या. आम्ही आईला हीच दाखवली आणि ती खूश होती.

ऑस्लोहून येणार असाल तर विमानाऐवजी रेल्वेने या. साधारण सात तास लागतात आणि वाटेत फिन्से हे १२२२ मीटरवरचं स्टेशन लागतं. तिथे जूनमध्येही बर्फ दिसू शकतो. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

१०. खाणं

बंदरावरचा मासळीबाजार बघायला जा, जेवायला जाताना आधी पाटी वाचा. काही भाव शंभर ग्रॅमचे असतात, आणि आपण ते प्लेटचे समजतो. तिथे व्हेलचं मांसही विकतात. नको असेल तर ‘वाल’ हा शब्द लक्षात ठेवा. मासे खाणाऱ्यांनी बर्गनचं माशांचं सूप घ्यावं. मलईदार, किंचित आंबट, पावसातून आल्यावर अगदी योग्य.

शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करावेत: ‘वेगेतार’ म्हणजे शाकाहारी, आणि ‘फिस्क’ म्हणजे मासा. सुपरमार्केटातले गोल, सोनेरी ‘फिस्केकाकेर’ दिसायला थेट आपल्या बटाट्याच्या पॅटिससारखे असतात. बायकोने पहिल्या वेळी एक पाकीट मोठ्या उत्साहाने घेतलं होतं. गोडात शिलिंग्सबोले हा दालचिनीचा पाव, तो बर्गनचाच.

रोजचं जेवण मात्र सुपरमार्केटमधून. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर खर्च निम्म्यावर येतो. तांदूळ, डाळ, दही, भाज्या सगळं मिळतं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, हे आम्हाला रविवारी संध्याकाळी उतरल्यावर कळलं. त्या रात्री चिवडा आणि नळाचं पाणी. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली विकत घेऊ नका. घेतलीतच तर टाकू नका: किमतीत दोन किंवा तीन क्रोनर अनामत असते आणि दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते. बिअर दुकानातून संध्याकाळी आठपर्यंतच, शनिवारी सहापर्यंत, रविवारी नाहीच. वाइन फक्त सरकारी दुकानांत.

अडचण आली तर पोलीस ११२, रुग्णवाहिका ११३, अग्निशमन ११०.

११. निघताना

लोकरी स्वेटर घेतला असेल तर दुकानातून कर-परताव्याचा कागद मागून घ्या. नॉर्वे युरोपियन युनियनच्या बाहेर असल्याने हे काम नॉर्वेतच, निघायच्या विमानतळावर उरकावं लागतं. फ्रँकफर्टला करू म्हणाल तर होत नाही. वस्तू न वापरलेली असावी लागते आणि काउंटरवर दाखवावी लागते. आईने तिचा स्वेटर दुकानातून बाहेर पडायच्या आतच अंगात चढवला होता आणि मुंबईला उतरेपर्यंत काढला नाही. तो परतावा आम्ही सोडून दिला.